दगडावरचं शेपूट

३ मे
ठरलं! लग्नानंतर मी राडका उर्बान. नुसती उर्बान, 'उर्बानोवा' नाही! चेक बायकांच्या आडनावामागचं ते 'ओवा'चं शेपूट आता सक्तीचं नाही, मग मी का लावू? वोइता म्हणाला, "मला काय, भोपळा नाव घे! पण आईला तू सांग." भित्रा मेला!

४ मे
सांगितलं. होणाऱ्या सासूबाईंचा पीठ मळता मळता हातच थांबला. "लोक म्हणतील, वोइतानं बाप्याच केला बायको म्हणून! शेपूट नसेल तर मी लग्नाला यायची नाही."
रडू आलं. मला आई नाही. या बाईवर माझा फार जीव आहे.

१९ मे
लग्नाआधी शेजारपाजारी वाटायचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, भाजून झाले, तशा सासूबाई म्हणाल्या, "चल, तुझा आहेर दाखवते." आणि नेलं कुठे — दफनभूमीत!
सासऱ्यांच्या थडग्याच्या दगडावर सासूबाईंचं नाव आधीपासून आहेच. जन्मसाल, रेघ, पुढे कोरं. गावातल्या सगळ्याच विधवा कोरून ठेवतात. त्याखाली आता ताज्या सोनेरी अक्षरांत वोइता, आणि — राडका उर्बानोवा! जन्मसाल, रेघ!
"आता दगडातच कोरलंय," सासूबाई म्हणाल्या.
मी दगडाला टेकून हसत सुटले. पाथरवट शिमेककाका ब्रश धूत होते, तेही हसले. "तुझ्या या सासूबाई, द्राहोमीराबाई, रोज येऊन माझं काम बघायच्या. दोन ओळींसाठी!"
सासूबाई लाल झाल्या. रागानं असणार.

२ जून
उद्या लग्न. शेपूट नाही म्हणजे नाही. सासूबाईंचा लग्नासाठीचा निळा पोशाख अजून कपाटातच आहे म्हणे.

३ जून
झालं!! नगरभवनात लग्न लावणाऱ्या बाई आमची नवी आडनावं वाचणार, एवढ्यात दार उघडलं — सासूबाई! निळ्या पोशाखावर पांढरी धूळ.
"राडका उर्बान," बाईंनी वाचलं.
"बरोबर!" सासूबाई मागून ओरडल्या. "दगडावरचं ते शेपूट आम्ही आत्ताच लिंपून आलोय!"
सगळे हसले. नंतर रिवाजाप्रमाणे फोडलेल्या बशीचे तुकडे मी आणि वोइता झाडत होतो, तेव्हा त्या माझ्या कानात म्हणाल्या, "हट्टी आहेस. मीही व्हायला हवं होतं." मी इतकी रडले की लग्नाचं सूप खारट लागलं!

२० जून
सासूबाई शिमेककाकांशी लग्न करताहेत!! आडनाव? "नुसतं शिमेक. सून करते ते सासूनं का करू नये?" दगडावरची त्यांची ओळ काका उद्या स्वतः घासून काढणार.
सासऱ्यांच्या सोबतीला आता आम्ही दोघंच.