जोखमीची बाई

प्रिय धाकट्या,

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. गाडीचा विमा झाला एकदाचा. तीन कंपन्यांनी नकार दिला, चौथीने गेल्या वर्षीच्या तिप्पट हप्ता सांगितला आणि वर अटी घातल्या. डॅशबोर्डखाली एक डबी बसवली आहे. ब्रेक जोरात दाबला की ती टुकटुकते आणि कंपनीला चुगली करते. मांजर आडवं आलं तरी मला आधी त्या डबीचा विचार करावा लागतो. त्यांच्या कागदावर मी आता ‘जास्त जोखमीची चालक’ आहे. सतरा वर्षं लोकांना गाडी शिकवली, पण त्यासाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही.

अपघात नावावर असलेली शिक्षिका ड्रायव्हिंग स्कूललाही परवडत नाही, म्हणून मालकांनी मला काउंटरवर बसवलंय. पावत्या फाडते. शिवाय विम्याच्या अटीप्रमाणे सहा तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागलं, तेही आमच्याच स्कूलमध्ये. शिकवायला कोण, तर ती चष्मेवाली! क्लच सोडताना जिला रडू फुटायचं, जिला मीच तयार केलं, ती. मला आरशात बघायला सांगताना बिचारीच घामाघूम झाली. मी सगळं निमूटपणे केलं. घरी येऊन मात्र भांडी आपटली.

तुलाही मीच शिकवलं होतं, कारखान्यामागच्या मैदानात. चांगला चालवायचास, नाही म्हणणार नाही. त्या दिवशी चौकात मात्र तुझं लक्ष फोनवर होतं. शेजारून मी ओरडेपर्यंत स्कूटरवरचे ते गृहस्थ रस्त्यावर पडले होते. त्यांचा हात मोडला. तुझ्या नावावर आधीच दोन दंड, आणि आठवड्याभरात ड्रायव्हर म्हणून कंपनीत रुजू व्हायचं होतं. पोलीस येण्याआधी आपण जागा बदलल्या. तू हातापाया पडला नव्हतास, खोटं कशाला बोलू? सरक, असं मीच म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्याशीण स्वतःच चालत गेली.

आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणत आठ महिने काढले. त्या गृहस्थांना दोनदा भेटूनही आले. तू एकदाही आला नाहीस. त्याचाही मी राग धरला नव्हता.

परवा सकाळी पिल्लूला शाळेत सोडायला आले, तेव्हा तुझ्या बायकोने मला दारातच थांबवलं. ताई, रागावू नका, पण यापुढे तिला तुमच्या गाडीतून नको, तुमच्या अपघातापासून माझा जीव थाऱ्यावर नसतो, असं म्हणाली. तिचं काय चुकलं? तिच्या जागी मीही हेच म्हणाले असते. तू तिच्या मागे बुटाची नाडी बांधत होतास. एक नाडी बांधायला इतका वेळ लागतो? मग तू पोरीला तुझ्या गाडीत बसवलंस, आणि फाटकाबाहेर पडायच्या आत फोन तुझ्या कानाला होता.

म्हणून हे लिहिलं. तुला तोंडी सांगितलं असतं तर तू मान हलवली असतीस, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा त्याच गाडीत. माझं नाव खराब झालं ते झालं, पण तिच्या जिवाशी खेळ मला बघवणार नाही. पाकिटावर नाव तुझं घातलंय, पत्ता घरचा. तू कामावर असताना येणारं टपाल तुझी बायको उघडते. तू हे वाचत असशील, तर तिचं वाचून झालंय.

अजूनही तुझीच,
ताई