गोळी विरघळत नाही

मंगळवार, संध्याकाळ

ऋतुजा आज त्या निखिलला घेऊन आली. अख्खं बोळिंज सोडून मी बसतो त्याच मेडिकलवर! अक्कलदाढ ठणकतेय म्हणून आयबुप्रोफेन हवी होती. तिला गोळी गिळता येत नाही. निखिलने ती चुरून पाण्यात टाकली आणि ढवळत बसला. भुकटी आपली वरच तरंगतेय.

"काय रे अर्धवट फार्मासिस्ट, विरघळत का नाही ही?" ऋतुजाने मला विचारलं.

मी बिलं चाळू लागलो. ही गोळी पाण्याला दाद देत नाही, हे कॉलेज सोडण्याआधी शिकलोय. ढवळ लेका, भुकटी वरच राहणार. आणि ते कडू, घसा जाळणारं पाणी तिला पिऊ दे. मला सोडलं ना? एवढा नीच झालो का मी? झालो.

तिने ग्लास सारला. "निखिल, राहू दे. पिकलं केळं आण, त्यात घालून घेते. आमच्यात असंच घेतात."

आमच्यात? तिच्या घरी बाकी सगळे पाण्याबरोबर गिळतात. केळ्यात घालून द्यायची ती माझी आई, होळी गावातल्या आमच्या घरी.

निखिल धावला केळं आणायला. धाव. आयुष्यभर ती 'आमच्यात' म्हणेल आणि तुला वाटेल, तिच्या माहेरी.