एक तोंड की दोन

५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. जेवते, झोपते, शाळेत जाऊन वह्या तपासते. हे गेल्यापासून माणसांची रीघ होती, ती आता थांबली. बरं वाटलं की वाईट, ते सांगता येत नाही.

कामाचं लिहिते. शेडमधली गाडी पुरी करायची आहे. वजन कमी करायच्या नादात ह्यांनी आतलं सगळं काढून टाकलंय. मागची सीट, गालिचा, छताचं अस्तर आणि हीटरसुद्धा. पण काचेवरची वाफ घालवायची सोय नसेल, तर डोंगरातल्या शर्यतीत गाडी उतरवू देत नाहीत. जानेवारीत शर्यत आहे. ह्यांच्या जागी मी माझं नाव घातलं आहे. इतकी वर्षं शेजारी बसून वळणं वाचून दाखवली, रस्ता पाठ आहे. एकट्याने चालवायला नियमाची हरकत नाही.

तू बसगाड्यांचे हीटर बसवतोस, तूच सांग. फक्त चालकापुरती काच साफ झाली की पुरे.

तुझी ताई


१४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बायको म्हणाली, ताईंना गाडी चालवताना कोणी पाहिलंय का? मी म्हटलं, पाहिलेले अजून जिवंत आहेत.

आता ऐक. विजेवरचे बारके हीटर दुकानात मिळतात, ते घेऊ नकोस. त्यांची हवा म्हणजे चहावर मारलेली फुंकर. तारा घातलेली काच छान, पण बसवायला वेळ लागेल आणि बॅटरीचा जीव जाईल. मी म्हणतो, इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा लहान हीटर बसवू. वजन थोडं वाढेल, पण भरवशाचा. त्यातून गरम हवा काचेवर सोडायला पाइपाची तोंडं काढायची. एक तोंड तुझ्यासमोर, एक शेजारी.

शेजारची बाजू का नको म्हणतेस? काचेवर वाफ तर तिकडूनच धरायची. भाषण हिचं आणि पुसणं माझं, असं भाऊजी म्हणायचे ना?

आईला वरचेवर पत्र टाक.

तुझा धाकटा


२३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मायन्यात सवयीने सौ. लिहून गेलास. वाचलं आणि पुढे गेले. काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं बहुतेक, म्हणून कळवते.

हीटर तू म्हणतोस तोच चालेल. पण तोंड एकच काढ. वाफ धरायची ती माझ्या बोलण्याने, हे खरंच आहे. आता गाडीत कोणी बोलणार नाही.

ताई


२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ते सौ. माझ्या हातून गेलं. पत्र पेटीत पडल्यावर लक्षात आलं, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

आई विचारते, ही एकटीच का जाते? खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तू शर्यतीचं लिहितेस, परत आल्यावर काय करणार ते एका अक्षरानेही लिहीत नाहीस. मी शेजारी बसायला येतो म्हटलं तर नको म्हणशील, ते ठाऊक आहे.

म्हणून एवढंच कर. एखाद्या गार सकाळी दारं लावून गाडीत नुसती गप्प बस. शेजारची काच साफ राहिली तर एका तोंडाचा हीटर पाठवतो. मग मी एक शब्द बोलणार नाही.

धाकटा


९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी बसले. अगदी गप्प. आधी माझ्यासमोर काचेवर वाफ धरली, मग शेजारी, मग पुढचं काही दिसेना. छताचा पत्रा उघडाच, त्यावरून थेंब मांडीवर पडायला लागले. मी म्हटलं, गाडीत आहे कोण? मी एकटीच होते. एवढी वाफ माझ्या श्वासाची. इतके दिवस मी श्वास घेत होते, हे माझ्या गावीही नव्हतं.

मला ह्यांचा राग आला. मग खूप रडू आलं. शेजारीण धावत आली, तिला वाटलं दार अडकलं.

दोन तोंडांचा कर. आणि पाठवू नकोस, घेऊन ये. वळणं वाचायला बस. माझ्या एकटीच्याने व्हायचं नाही. चुकीचं वळण सांगितलंस तर मी ओरडेन, ते मात्र ऐकून घ्यावं लागेल.

लोभ आहेच, तो घेऊन लवकर निघ.

तुझी ताई