गरीब स्वभावाची सायकल

२ नोव्हेंबर १९५३, सोमवार
आज मिलचा भोंगा वाजला तेव्हा मी नाक्यावर होतो. दोष माझा नाही, अंतराचा आहे. आमच्या टोल्यावरच्या वस्तीपासून गोंदियाची राईस मिल चार मैल.

हेडमुनीम केशोरावांनी बोलावून सांगितलं की म्हातारे काटाबाबू एक तारखेपासून घरी बसणार, आणि धानाच्या काट्यावर मला बसवायचं शेटजींच्या मनात आहे. पण या महिन्यात हजेरीत माझ्या नावापुढे तीन लाल खुणा झाल्या, तर खुर्ची दुसऱ्याला आणि मी शेटजींच्या दरेकशाच्या जंगलातल्या लाकूड डेपोवर. एक खूण त्यांनी बोलता बोलताच करून टाकली. माणूस घाईचा आहे.

काटाबाबूला मिलच्या आवारात खोली मिळते. घरी येऊन शामकलेला सांगितलं. तिने पगार विचारला नाही. नळ कुठं आहे, एवढंच विचारलं. खोलीच्या दारातच आहे म्हटलं, तशी डोक्यावरचा पाण्याचा गुंड उतरवून ओसरीवर बसली. लग्नाला अकरा वर्षं झाली, बाई रोज पांदीपलीकडच्या विहिरीवर सहा खेपा करते. मी मनाशी म्हटलं, नंदलाल, हा नळ तू तिला मिळवून द्यायचा.

निश्चय : सायकल घेणे.

३ नोव्हेंबर
दुकानात नवी सायकल पाहिली. किंमत ऐकली. रंग पसंत नाही असं सांगून बाहेर पडलो.

आता जुनीच पाहायची. चालवण्याचा प्रश्नच नाही, लोकांना सायकल चालवताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. खरं काम निवडीचं.

५ नोव्हेंबर
बिसराममामांना बोलावून घेतलं. बैलाची पारख करावी तर मामांनीच. पटाच्या शर्यतीच्या जोड्या घ्यायच्या तर लोक नवेगाव बांधपासून त्यांना न्यायला येतात. सायकल मामांनी कधी घेतलेली नाही. पण मामा म्हणाले, भासा, ज्याच्या पाठीवर बसाचं ते जनावर, पारख एकच.

शामकला म्हणाली, गावात सायकलवाले चार आहेत, बैलवाल्याले कायले बोलावता? मी मामांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मामा पाहुणे आहेत.

उद्या अमावस्या. मामा म्हणाले, अमावस्येला नवीन जनावर पाहायलाही जाऊ नये. बरोबर आहे.

१० नोव्हेंबर
दिवाळी झाली. आज मंडईची जत्रा. चार गावचे लोक जमले होते. एक तारखेच्या आत मी सायकलवर दिसेन असं सगळ्यांना सांगून टाकलं. शेजारच्या टेकचंदने विचारलं, बसता येते का गा? मी नुसता हसलो. असल्या माणसांना हसणं हेच उत्तर.

१२ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी, मिलमध्ये
दुसरी लाल खूण. पण कारण सायकलचंच होतं, त्यामुळे ही खूण मी धरत नाही.

सकाळी मामांना घेऊन बाजारातल्या श्यामलाल टेलरकडे गेलो. त्याची काळी सायकल विकायची आहे. मामांनी आधी ती मागून पाहिली. सीटवर थाप मारली, अंग चोरते का ते पाहायला. मग मला आठ वेळा रस्त्याने मागेपुढे न्यायला लावली आणि स्वतः कडेला बसून तिची चाल पाहिली. शेवटी खाली वाकून चेनच्या चाकाचे दात पाहिले. दोन झिजलेले. म्हणाले, म्हातारी आहे, मालक वय लपवून राहिला.

तरी किंमत विचारू म्हटलं. मामांनी बैलबाजाराच्या रीतीने खांद्यावरचं उपरणं टेलरच्या हातावर टाकलं आणि आतून त्याची बोटं धरली. बोटांवर भाव करायचा असतो, चारचौघांत तोंडाने बोलायचा नसतो. टेलरला रीत ठाऊक नाही. ये क्या कर रहे हो दादा, म्हणून त्याने हात ओढून घेतला आणि शेजारच्या पानवाल्याला हाक मारली. रस्त्यात मामा म्हणाले, ज्यानं हात ओढला त्याच्या मालात खोट समजाची. एवढा अनुभव पुस्तकात मिळत नाही.

तोवर साडेआठ झाले होते. भोंगा आठचा.

१३ नोव्हेंबर
शामकलेने कोंबडं आरवताच उठवलं. पेज पाजली, हातात डबा दिला आणि मला बाहेर काढून आतून दाराला कडी लावली. मग काय करणार, निघालो. भोंग्याच्या पाव तास आधी मिलमध्ये. योगायोग.

२१ नोव्हेंबर
आठ दिवस योगायोग चालू आहे. केशोराव हजेरी पाहून म्हणाले, अरे वा. पण पायी चालत येऊन वेळ गाठणं ही काही पद्धत नव्हे. काटाबाबू घामेजलेला दिसला तर बैलबंड्या घेऊन आलेले शेतकरी काट्यावर विश्वास ठेवतील का?

शामकलेला हे सांगितलं. म्हणाली, नऊच दिवस उरले, असेच चालत जा ना, सायकल काऊन पाहिजे आता? बायकांची नजर नळापर्यंत जाते, पुढे जात नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार
मिळाली! दवाखान्याच्या नर्सबाई सुशीलाबाईंची बदली झाली, त्या सायकल विकणार होत्या. मामांना पाहताक्षणी आवडली. पाठ बुटकी, चढायला सोपी. दात सगळे शाबूत. थाप मारली तर जागची हलली नाही. मामा म्हणाले, स्वभावानं गरीब आहे, घे. हिला मधला आडवा दांडाच नाही. नवीन मॉडेल असावं.

चालवता येते ना, असं सुशीलाबाईंनीही विचारलं. हा प्रश्न लोक का विचारतात कळत नाही.

किंमत माझ्या आवाक्याच्या थोडी वर होती. शामकलेने डाळीच्या मडक्यातून पैसे काढून दिले. तिच्याजवळ होते हे मला माहीत नव्हतं. सायकल शनिवारी संध्याकाळी मिळेल.

२९ नोव्हेंबर, रविवार
सायकल दारात आहे. मामांनी रात्री दाव्याने खुंट्याला बांधली होती. नवं ठिकाण, बुजू नये म्हणून.

सकाळी खळ्यावर ट्रायल घेतली. उत्तम. वेग फारच चांगला आहे. शेवटी धानाच्या तणसाच्या ढिगाशी मी उतरलो, जरा घाईने. दुसऱ्यांदा त्याच ढिगात उतरलो. तिसऱ्यांदा टेकचंदच्या बैलांसमोर. गुडघ्याला हळद लावली आहे. दोष बॅलन्सचा आहे, तो सायकलमध्ये थोडा कमी आहे.

शामकला म्हणाली, उद्याचा एक दिवस पायी जा, हात जोडते. मी म्हटलं, घेतलेली वस्तू दारात ठेवून पायी जायचं, लोक हसतील. शिवाय सायकलने अर्धाच तास लागतो, म्हणजे उद्या तासभर जास्त झोपता येईल.

३० नोव्हेंबर, सोमवार
आज घाई झाली. सायकलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळ दोनदा नासका निघाला, तिसरा आणायला माणूस पाठवला. निघताना मामांनी सांगितलं की नवीन जनावरावर पहिल्या दिवशी ओझं टाकत नाहीत. ही फार जुनी रीत आहे. म्हणून मी बसलो नाही. हाताने धरून चार मैल नेली. सायकल हाताने नेताना माणूस नेहमीपेक्षा हळू चालतो, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

भोंगा मला नाल्याच्या पुलावर ऐकू आला.

मिलच्या फाटकात हमालांनी विचारलं, बाबू, बाईची सायकल कुठून आणली? तेव्हा त्या दांड्याचं कळलं. केशोराव लाल शाईची दौत उघडून बसले होते. म्हणाले, नंदलाल, पंधरा दिवस तू पायी वेळेवर आलास. आज काय झालं? मी सायकलकडे पाहिलं. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि तिसरी खूण केली.

घरी शामकला दारात उभी होती. माझं तोंड पाहून आत गेली आणि रिकामा गुंड घेऊन विहिरीकडे निघाली. आज सातवी खेप.

४ डिसेंबर. दरेकसा
काल पॅसेंजरने आलो. सायकल ब्रेकव्हानमधून आणली. डेपोची जागा छान आहे. डोंगर, सागाचे ढीग, माकडं. क्वार्टर डेपोलाच लागून, दारापासून माझ्या टेबलापर्यंत बारा पावलं. मोजली. आता उशिराचा विषयच संपला.

आज चार मिनिटं उशीर झाला.

कारण असं. पाणी खालच्या नाल्यावर आहे, चढ मोठा. मी तोंड धूत होतो तर शामकला सायकल घेऊन निघाली. मागे एक टिन बांधलेला, पुढे हँडलला एक. मधे दांडा नसल्याने तिसरा टिनही तिथे नीट बसला. उतारावर ब्रेक कसा धरावा हे तिला सांगायला मी मागे गेलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, गाडी चांगली आहे, मामाची पारख खोटी नाई, फक्त वर कोणी बसू नये.

वर येताना ती दोनदा थांबली. नळाचं नाव तिने त्या दिवसापासून एकदाही काढलेलं नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

निश्चय : उद्यापासून पाणी मी आणणार. खांद्यावर कावड घेऊन, रोज पहाटे.

फक्त कावड घाईने घेऊन चालत नाही, वाकडी निघाली तर जन्माचा खांदा जातो. पुढच्या आठवड्यात सालेकशाचा बाजार आहे. मामांना पत्र टाकलं.