मार्थाची बुधवारची विनंती

बुध., ८ जाने.
प्रार्थना याकोबभाऊंकडे. थंडी मरणाची. अंगणात शेकोटी चालली असती, पण भाऊ चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचांपैकी, असले तरी काटक्या जपून वापरतात. माणसं नेहमीचीच. पाळकसाहेबांनी (तरुण आहेत, ही त्यांची पहिलीच मंडळी) विनंत्या विचारल्या. सुमनबाई : मुलीची परीक्षा. याकोबभाऊ : पित्त. मी : काही नाही, आभार. मग मार्था उभी राहिली. म्हणाली, "मन्ही एक विनंती शे. काय शे ते देवले माहीत शे." आणि खाली बसली.

मार्था आणि असं. मी लग्न होऊन अक्कलकुव्यात आले तेव्हापासून भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. तिच्या चक्कीत दाणा आणि पोटात गोष्ट, दोन्ही फार वेळ टिकत नाहीत. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात डॉक्टर काय म्हणाला ते त्या बिचाऱ्याच्या आधी मला कळलं होतं. आज मी मांडीला मांडी लावून बसले असताना मला न सांगता थेट वर...

(हात दुखतो. यापुढे मार्था म्हणजे मा.)

गुरु., ९ जाने.
ज्वारी घेऊन चक्कीवर. घरात पीठ होतं, तरी. पट्ट्याच्या आवाजात विचारता येईना म्हणून चक्की बंद होईपर्यंत थांबले.
"काल काय गं ते?"
"काय?"
"विनंती."
डब्याला झाकण लावत म्हणाली, "कसाले इचारी ऱ्हायनी? देवले सांगी टाकं ना मी."
दळणाचे पैसे घेतले नाहीत, नेहमीसारखे. म्हणजे माझ्यावर राग नाही. मग काय?

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिची विनंती, तिचा देव. तू मध्ये कोण?" मी मध्ये कोण, म्हणे. सबंध जन्म शाळेत शिकवलं, वर्गात कुणाच्या दप्तरात चिंच आहे ते मला वासावरून कळायचं.

रवि., १२ जाने.
उपासना. संदेश लांबला. नंतर देवळाबाहेर चहा. हायवेवरून ट्रक जातात, त्यामुळे कुजबुजसुद्धा ओरडून करावी लागते. सुमनबाईंच्या मते मा.चे गुडघे. याकोबभाऊंच्या मते चक्की : लोक तयार पीठ घेतात, धंदा बसला. पाळकबाईंना वाटतं तिला यरुशलेम बघायचंय. मा. पलीकडे पोरांना बिस्किटं वाटत होती. सगळे तिच्याकडे बघतात, विचारत कुणीच नाही. मीही नाही. मी एकदा विचारलंय, मला मान आहे.

बुध., १५ जाने.
सुमनबाईंकडे. आमच्यात विनंत्या झाल्या की त्या वाटून घेतात, एकाची दुसऱ्याने उचलायची आणि तिच्यासाठी प्रार्थना करायची. मा.चं तेच वाक्य. तिची विनंती याकोबभाऊंनी घेतली. काय मागायचं ते माहीत नाही, म्हणून सगळंच मागितलं : गुडघे, रक्तदाब, चक्की, विजेचं बिल. एस.टी.त कंडक्टर होते, एकही थांबा सोडत नाहीत. प्रत्येक थांब्याला मा. "आमेन" म्हणाली. मी डोळे अर्धेच मिटले होते. गुडघ्यांना साधं आमेन. चक्कीला साधं. बिलाला जरा हसू आलं तिला.

घरी येताना लक्षात आलं. तोंडाने ती सांगणार नाही, पण आमेन खोटं निघत नाही. म्हणजे प्रार्थना करता करता विचारता येतं की.

बुध., २२ जाने.
पाळकसाहेबांकडे. मा.ची विनंती मी घेतली, दुसरं कुणी तोंड उघडायच्या आत. आधी तब्येत. आमेन. घर. आमेन. शमुवेलची नोकरी (तिचा एकुलता एक, अंकलेश्वरला कारखान्यात). आमेन. मग म्हटलं, "शमुवेल आणि सुनीता यांच्या संसारात समेट होऊ दे." आणि मा. गप्प. बाकीचे आमेन म्हणून मोकळे झाले, तिचं मागाहून आलं, अगदी खालच्या आवाजात.

सापडलं. सुनेचं आणि मुलाचं बिनसलंय. देव क्षमा करो, प्रार्थनेपेक्षा शोध लागल्याचाच आनंद जास्त झाला. बिचारी मा. उद्याच सुनीताला फोन करावा का? नको, आधी मा.शी बोलते.

शनि., २५ जाने.
शेजारच्या खापर गावच्या बाजारात होते, मिरची घ्यायला. तिथल्या मंडळीतली एक बाई भेटली, सलाम झाला, म्हणाली, "मार्थाबाईच्या मुलाची सोडचिठ्ठी होतेय ना, आम्ही उपास धरलाय." हातातली पिशवी खाली ठेवली मी.

घरी येऊन फोन उघडला. मंडळीचा ग्रुप मी एरवी बघत नाही, नुसती फुलं असतात. बुधवारीच सुमनबाईंनी टाकलंय : "शमुवेल व सुनीता यांच्या मोडत्या संसारासाठी सर्वांनी प्रार्थना करा." खाली हात जोडलेले, पुष्कळ. तिथून खापर, तिथून नंदुरबार. माझा शब्द समेट होता. मोडता कुणी केला कोण जाणे, पण दाणा मीच टाकला.

संध्याकाळी भिंतीतून शमुवेलचा आवाज ऐकू आला, मा. फोन मोठ्याने लावते. सुनीताची आई नंदुरबारहून पिशवी भरून अंकलेश्वरला पोचली. तिथे काही झालेलंच नाही. दोघं जेवत बसले होते.

मग ते आमेन अडलं कशाला? आता कळतं. मी काय बोलले तेच तिला कळेना, म्हणून.

रवि., २६ जाने.
सकाळी शाळेत झेंडावंदन, तिथून उपासना. मा.ने बाक बदललं. पुढे जाऊन पाळकबाईंजवळ बसली. संपल्यावर फाटकाशी गाठलं. म्हटलं, चुकले. तिने ऐकून घेतलं. मग सावकाश, आवाज न चढवता :

"तुले सांगं नही, काबर माहीत शे? तुले सांगं का तू लगेच हात घालस. मन्हा नवरा बिमार व्हता, तू डॉक्टर बदला. शमूनं लगीन तू जमाडं. मी काय नाही म्हनत नही, चांगलंच करं तू. पन एक गोट मले नुसती देवपाशी ठेवनी व्हती."

आणि गेली. मी फाटक धरून उभी. रडू आलं, लोकांच्या देखत. सुमनबाईंनी रुमाल दिला. तो न घेण्याइतकी ऐट आता माझ्यात नाही.

गुरु., ३० जाने.
काल प्रार्थनेला मा. आली नाही. आज दळण घेऊन गेले. "शालिनीबाई, पीठ गरम आहे, जरा थांबा." माझ्याशी पुस्तकी मराठी. शाळेत साहेब तपासणीला आले की पालक बोलायचे तसं. पैसे पुढे केले, ते घेतले. याहून तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

हे म्हणाले, "माफी माग."
"मागितली."
"तिची मागितलीस. ज्यांचा संसार मोडलास त्यांची?"

शुक्र., ३१ जाने.
सुनीताला फोन. झालं ते सगळं सांगून माफी मागितली. ती हसायलाच लागली. "मावशी, आमचं बरं चाललंय हो. आई आलीय, ती आता जायचं नाव काढत नाही. भांडण झालंच तर त्यावरून होईल." मग आवाज खाली करून, "पण सासूबाईंना काय हवंय? मलाही सांगत नाहीत." म्हणजे तिलाही ठाऊक नाही. मला (लिहिते, कारण खरं आहे) थोडं बरं वाटलं.

शमुवेलने फोन घेतला. तो हसला नाही. "मावशी, झालं ते झालं. पण आईशी बोलणं बंद करू नका. तिला तिथे दुसरं कोण आहे?"

बंद मी केलंय का? पण त्याला काय सांगणार.

ग्रुपवर लिहिलं : चूक माझी, दोघं सुखात आहेत, प्रार्थना थांबवावी. पाठवून झाल्यावर वाटलं, प्रार्थना थांबवावी असं कुणी लिहितं का.

बुध., ५ फेब्रु.
मा. नाही. आणि आज वेगळंच झालं. विनंत्या विचारल्या तर एकही खरी आली नाही. देशात शांती. सर्व आजारी जनांसाठी. याकोबभाऊंनी पित्ताचंसुद्धा नाव घेतलं नाही, "एक शारीरिक बाब" म्हणाले. सुमनबाईंच्या मुलीचा पेपर तोंडावर आलाय, त्या काही बोलल्या नाहीत. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. आठवडाभराचं ओझं माणसं इथे आणून टाकायची, उचलायला कुणीतरी असायचं. मी एका बाईचं ओझं उघडून बघायला गेले आणि आता कुणीच आणत नाही.

पाळकसाहेब घरापर्यंत सोबत आले. "पुढचा बुधवार तुमच्याकडे, बाई."
"मार्था नाही आली तर?"
"मला माहीत नाही," म्हणाले. हे मला आवडलं. नवीन माणसं सहसा असं कबूल करत नाहीत.

मंगळ., ११ फेब्रु.
झाडलोट, सतरंज्या मागून आणल्या. मा.ला बोलवायला जावं की नाही, यात दुपार गेली. शेवटी हे गव्हाचा डबा घेऊन आपणहून चक्कीवर गेले. परत आले. "बघू, असं म्हणाली."
"कशी म्हणाली? रागाने? आपल्या बोलीत की पुस्तकी?"
"लक्ष नव्हतं."
पुरुषांना कामाला पाठवू नये.

बुध., १२ फेब्रु.
सगळे आले. पहिलं गीत झालं. मा. नाही. दुसऱ्या गीतात दाराशी चपला वाजल्या. आत आली, दाराजवळच टेकली, केसांवर पीठ तसंच.

विनंत्या. कुणी बोलेना. मग मा. उभी राहिली. "मन्ही तीच विनंती शे."

पाळकसाहेबांनी विचारलं, "कोण घेतं?" याकोबभाऊ पंख्याकडे बघायला लागले. मी सतरंजीकडे. मग मा.च म्हणाली, "शालिनी लेई."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला काय ठाऊक त्यातलं?"

"तुले माहीत नही, म्हनीसनच तू मांग."

उभी राहिले. आजवर कुठेही उभी राहिले तर काय मागायचं ते पाठ असायचं, शाळेत साहेबांपुढे, बँकेत, देवापुढे. आज एक शब्द नाही. "प्रभू, मार्था" इथपर्यंत आले आणि अडकले. अंदाज जिभेवर येत होते, एकामागून एक, चांगले चांगले. ते गिळले. बाहेर ट्रक गेला. शेवटी एवढंच निघालं : "प्रभू, मार्था. तिला जे हवं ते दे." बसले. आमेन झालं, कुणाचं कसं ते कळलं नाही. डोळे मिटलेलेच होते.

त्यानंतर सुमनबाई उठल्या आणि मुलीच्या गणिताच्या पेपराचं सांगितलं. याकोबभाऊंनी पित्ताचं सांगितलं, जरा जास्तच तपशिलाने.

माणसं गेल्यावर मा. कप विसळायला थांबली. गव्हात खडे फार येतात यंदा, सुनीताची आई अजून तिथेच आहे, असं बोलणं. मी विचारलं नाही. ओठ चावून कप पुसले. निघताना ओले हात माझ्याच पदराला पुसले तिने आणि म्हणाली, "मांगत ऱ्हाय, शालिनी. आजून भेटनं नही."

मागते आहे. काय मागते आहे ते कळलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मागते आहे.