पडेराव आणि रिकामा डबा

सोमवार, ३ फेब्रुवारी

काय गं वही, काल काय जेवलीस ते तरी आठवतं का? नाही आठवत. तुझं डोकं म्हणजे धुतलेली पाटी. कोणी लिहिलं तर तेवढंच ध्यानात, बाकी सगळी बोंब. तुझ्यापेक्षा मी बरी! मला एक अक्षर येत नाही, पण कोणत्या लग्नात कोणती बाई कोणतं लुगडं नेसून मिरवली ते विचार.

लिहून घेते ती दीपमाला, शेजारीण. अंगणवाडीतून रिटायर झाली, पण हात शिवशिवतात. मी ‘मले’ म्हणते, ही ‘मला’ लिहिते. पोरं सुधारली नाहीत म्हणून आता म्हातारीला सुधारायला निघाली. — हेही लिही. लिहिलंस? बरं.

तर माझ्या नातवाला, धम्मरत्नला, पुण्यात एवढं शिकून शेवटी कार्टून काढायची बुद्धी झाली. दिवसा कोण्या कंपनीसाठी मंजनाचे पांढरे दात रंगवतो आणि सुटीत स्वतःचं कार्टून. दर रविवारी मोबाईलवर येतं. नाव काय, तर ‘पडेराव आन् पोट्टं’. एक बाप, एक पोरगा. घरात बाईमाणूस नाही. बाप उठला की पडतो, बसला की सांडतो, चूल पेटवायला गेला की मिशी पेटवतो. पोरगा तेवढा अक्कलवान. म्हणजे काढणाऱ्यानं स्वतःला बरोब्बर अक्कल वाटून घेतली!

आता आमचं घर पाहा. माझा गोविंदा. सून काविळीनं गेली तेव्हा धम्मा रांगत होता. गोविंदा राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला, क्वार्टरमध्ये बापलेक दोघंच. मी इथं बाभुळगावात, कारण माझा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. मी फक्त डबा पाठवायची, एसटीनं. पुढं धम्मा शिकायला गेला, गोविंदाची कंबर गेली, खाण सोडून इकडं आला आणि ओसरीत चक्की टाकली. चक्कीच्या पट्ट्याला अडकून अजूनही पडतो.

पडेराव कोण, हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. गल्लीतल्या शेळ्यांनाही कळलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काही नाही. पडेराव आज दोनदाच पडला.

रविवार, ९ फेब्रुवारी

दीपमालाच्या मोठ्या टीव्हीवर पाहिलं. आजच्या भागात पोट्ट्याच्या डोक्यात उवा होतात. तर हा पडेराव काय करतो — खाणीतलं हेल्मेट घालतो, त्याच्यावरचा दिवा लावतो आणि भर दुपारी पोराच्या केसांत उवा शोधतो! खोकतो काय, कुदळ काय आणतो, ‘मिली, मिली!’ ओरडतो काय! खोली भरून बायका हसल्या. तानाबाईचा तंबाखू सांडला.

मी हसले नाही. एक तर ते खरं आहे. मी राजूरला गेलते तेव्हा या डोळ्यांनी पाहिलं. बाप मरमर मरून लेकरू वाढवतो आणि लेकरू मोठं झालं की बापाला उलटा टांगून गावाला दाखवतं. वा रे चित्रकार!

दुसरं म्हणजे, पोट्ट्याच्या डब्यात शेवया. त्या पाकिटातल्या वाकड्या पिवळ्या. प्रत्येक भागात तेच! बारक्यापणी या पोरानं खाल्लं काय? माझी भाकर. दाखवतो काय? गांडुळं.

आणि माझा तर त्यात मागमूस नाही. माझा डबा नाही, फडकं नाही, म्हातारी नाही. जसं काही हा राजूरच्या हवेवर वाढला.

सोमवार, १० फेब्रुवारी

दळण घ्यायला आलेला तो सेवादास चक्कीवर उभा राहून म्हणतो, “पडेराव, जवारी बारीक काढजा, नाही त पोट्टं रागवन!” गोविंदा हसला. दात काढून हसला. माणसाला लाज असती तर चक्की बंद करून घरात आला असता. हा हसतो आणि वरून पीठ जास्त बारीक काढून देतो.

संध्याकाळी जेवण झालं की मोबाईल घेऊन मागच्या चिंचेखाली जाऊन बसतो. रोज. बराच वेळ. मी विचारलं, “काय करतं तिथी?” तर म्हणे, “हवा खाऊन राह्यलो.” हवा! घरात हवेला बंदी आहे का?

मला कळतं. रुसून बसतो. लोकांसमोर दात काढतो आणि चिंचेपाशी जाऊन तोंड पाडतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

या बापलेकांचं बोलणं तुला सांगून ठेवते वही, म्हणजे विसरू नको. इतकी वर्षं फोन असा: “जेवला काय?” “हो.” “बरं. ठेवू?” “ठेव.” झालं. दोन दगड बोलायला बसवले तर जास्त बोलतील. आणि आता तर त्या पोरानं बापाची ही जत्रा मांडली. गोविंदा त्याला एक शब्द बोलणार नाही. बोलायला तोंड लागतं.

तोंड माझ्याकडं आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लावला फोन. दीपमालाच्या मोबाईलवरून, म्हणजे गोविंदाला कळायला नको.

“काय करून राह्यला रे?”

“आजी! चित्र काढत होतो. तू बरी आहे ना?”

“मी बरी हावो. तुह्या बापाची चामडी सोलणं कधी बंद करतं ते सांग.”

“काय?”

“चक्कीवर लोक त्याले पडेराव म्हणून राह्यले. म्हातारपणी कायले त्याची फजिती करतं? बंद कर ते सोंग!”

तो हळूच, “बाबा म्हणले काय तसं?”

“तुहा बाप कधी काही म्हणते काय? चिंचेखाली बसून राह्यते. मी म्हणून राह्यली.”

“चिंचेखाली…” एवढंच बोलला. मग म्हणे, “बरं आजी. या रविवारचा तयार आहे. तो शेवटचा.”

मी म्हटलं, जेवजो वेळेवर. ठेवला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जिंकले. आज ठेचाही गोड लागला.

रविवार, १६ फेब्रुवारी

शेवटचा भाग पाहिला. दीपमाला, मी सांगते तसं लिही, मधे नाक शिंकरू नको.

बसस्टँड दाखवलं. बाकड्यावर पोट्टं झोपलंय, तोंड उघडं, लाळ गळतेय. शेजारी पडेराव. हातात डबा — हो, माझा डबा! कान तुटलेला, तारेनं बांधलेला. तो डबा मी ओळखणार नाही तर कोण ओळखील? रिकामा. परत पाठवायचा आहे. गाडी लागलेली, कंडक्टर ओरडतोय.

पडेराव खिसे उलटे करतो. एक बिस्किट निघतं. डब्यात ठेवतो. मग झोपलेल्या पोराकडं बघतो. बिस्किट काढतो, पोराच्या खिशात सारतो. डबा पुन्हा रिकामा. इकडं बघतो, तिकडं बघतो. तेवढ्यात कोळशाचा ट्रक जातो, खड्ड्यात आदळतो, एक ढेकूळ खाली. पडेराव धावतो — पडतो, ते काय सांगायचं! — उचलतो आणि अंगातल्या सदऱ्यानं पुसतो. कोळसा पुसतो! पुसल्यानं कोळसा गोरा होतो काय? मग तो डब्यात ठेवतो, झाकण लावतो, फडक्यात बांधतो आणि कंडक्टरच्या हाती देतो. गाडी धुरळा उडवत जाते. पडेराव हात हलवत राहतो. गाडीत कोणीही ओळखीचं नाही, तरी हलवतो. संपलं.

बायका हसल्या. तानाबाई सगळ्यात जोरात.

तो कोळसा मला आलेला आहे. एकदा नाही, कितीदा तरी. मी फडकं सोडायची, तर आत काळं. फडकं घासून बोटांची सालं निघायची. मी अख्ख्या गल्लीत सांगत फिरायची — पाहा, मायनं भाकर पाठवली, लेकानं कोळसा! शिगडीत घालून म्हाताऱ्याला शेकायची, तेवढाच उपयोग.

पण एक गोष्ट मला कळेना. पोट्टं तर झोपलं होतं. झोपलेल्याला बिस्किटाचं कोणी सांगितलं?

सोमवार, १७ फेब्रुवारी

चक्की बंद होती, वीज गेलेली. गोविंदा जाळी झाडत होता. मी जाऊन पोत्यावर बसले.

“ते कोळशाचं धम्माले कोणं सांगतलं?”

“म्या.”

“अन् उवाचं?”

“म्या.”

“मिशीचं?”

“मिशीचं त मीच सांगीन ना माय. मिशी माही जळली.”

“कधी सांगतं?”

“रोज. चिंचेखाली रेंज चांगली येते.”

मला आधी राग आला. मग आणखी आला. “तुले लाज नाही वाटत? लोक हासून राह्यले!”

झाडणं थांबवून म्हणाला, “हासले त हासले. तो विचारते, मी सांगतो. तो फोनवर हासते. माय, तो लहान होता तवा मी खाणीतून यावो त तो झोपलेला राहे. आता बोलून राह्यला माह्याशी.”

एवढी मोठी गोष्ट या माणसानं चिंचेखाली लपवून ठेवली! खाणीत काम केलं ना. सगळं खोल जमिनीखाली ठेवायची सवय.

“अन् मी कुठी गेली त्याच्यात? भाकरी काय भूत थापे?”

“म्याच म्हणलं त्याले, आजीले टाकू नको. माह्यावर हासले त चालते. माह्या मायवर हासू नाही कोणी.”

“अन् कोळसा कायले पाठवे?”

तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं मीच येडी. “तूच सांगे ना, डबा रिकामा परत पाठवू नाही म्हणून. माह्यापाशी दुसरं काय होतं?”

हे लिही दीपमाला: माझा मुलगा मूर्ख आहे. मुळापासून मूर्ख आहे. कोळसा सदऱ्यानं पुसून देणारा माणूस दुसरा काय असणार?

ते फोनचं मी त्याला सांगितलं नाही. वीज आली म्हणून उठून आले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चिंचेखाली कोणी जात नाही. गोविंदा जेवतो, हात धुतो, ओसरीतच बसतो. मोबाईल मांडीवर उलटा. काल धम्माचा फोन आला. मी कान लावून होते.

“जेवला काय?”

“हो.”

“बरं. ठेवू?”

“ठेव.”

मोबाईल पुन्हा मांडीवर. मी म्हटलं, “हवा नाही खायची काय आज?” म्हणे, “त्याचं काम बंद झालं. आता काय सांगू त्याले?”

मी बोलले नाही. मी! तू लिहून ठेव वही, असं पुन्हा होणार नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

टीव्ही लावून बायका बसल्या, काही आलं नाही. तानाबाई म्हणे, “कोण्या मेल्यानं बंद पाडलं व?” दीपमालानं माझ्याकडं पाहिलं. मी सुपारी कातरत होते.

सोमवारी सकाळी, २४ फेब्रुवारी

दीपमाला, आजचं पान वहीसाठी नाही. लिहून झालं की मोबाईलवर फोटो काढ आणि धम्माला पाठव. आणि ‘मले’ला ‘मले’च लिही, नाही तर त्याला वाटेल मास्तरणीचं पत्र आलं.

धम्मा, बंद मी पाडलं. तुह्या बापानं नाही. त्याले ठाऊकही नाही. आज संध्याकाळी तो चिंचेखाली बसन, मी बसवतो त्याले. तू फोन लाव. जेवला काय ते विचारू नको, तो जेवलेला राह्यते. पडला काय ते विचार.

अन् त्याच्यात मले टाक. बापाचं आयकू नको, त्यानं जल्मभर कोणाचं बरोबर आयकलं? म्हातारी गोड काढू नको. तोंड चालू पाहिजे. अन् तिलेही पाड एकदा — बाभुळगावच्या स्टँडवर डबा घेऊन गाडीमागं धावता धावता मी नालीत पडलती, लुगड्यासकट. हे तुह्या बापाले ठाऊक नाही. कोणालेच नाही. हासले त हासू दे लोकायले, मी पाहून घेतो.

अन् त्या पोट्ट्याच्या डब्यातली गांडुळं फेक. जवारीच्या भाकरी पाठव, पातळ, एकावर एक. जवसाची चटणी वेगळ्या पुडीत बांध, नाही त भाकर तेलकट होते. अन् पडेरावासाठी तिळाची पोळी सगळ्यात खाली दडव, नाही त तो तीबी पोट्ट्यालेच देईन.