सुई घालण्याआधी

भावोजी,

"शेवटपर्यंत ताईजवळ होतीस," असं लिहून तुम्ही माझे आभार मानलेत. तिच्या मानेतल्या गाठीत तपासणीची सुई मीच घातली होती.

"गाठ दाबली की छाती धडधडते गं, घाम फुटतो," ती म्हणाली होती.

मी हसले. "डॉक्टरच्या बहिणीने इतकं घाबरायचं?"

अशी एखादी गाठ रक्तदाब वाढवणारं हार्मोन सोडते, म्हणून सुई घालण्याच्या आधी लघवी तपासायची असते. घरचंच माणूस म्हणून मी ते टाळलं. सुई लागताच तिचा रक्तदाब भडकला आणि ती गेली. तुम्हाला मी सांगितलं, हृदय कमकुवत होतं.

आता तुमच्या लेकीच्या मानेतही गाठ आहे. मी तिला आधी लघवीची तपासणी लिहून दिली.

"ही कशाला गं, मावशी?"

"सगळ्यांचीच करतो आम्ही," मी म्हटलं.

तुमची,
धाकटी मेहुणी